लिंबू-मध पाणी आणि परत आलेला डबा

“ताई, माझी मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. नऊ महिन्यांपूर्वी पाळी सुरू झाली आणि अंग भरायला लागलं. दिवाळीत चुलतभाऊ सगळ्यांसमोर तिला ‘जाडे’ म्हणाला. तेव्हापासून सकाळी फक्त लिंबू-मध पाणी पिते, डबा तसाच परत आणते. परवा शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर आली. शाळेतली लोहाची निळी गोळी मळमळतं म्हणून फेकून देते. सासूबाई म्हणतात, अंडं-गूळ उष्ण, मुलीला नको. धाकट्याला मात्र रोज अंडं असतं. माझं कुठे चुकतंय? मी तर सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खाते.”
– एक आई, सांगली जिल्हा

चुकण्याचं नंतर बघू, आधी त्या चक्कर येण्याकडे बघू या. याच आठवड्यात तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतं. या वयाच्या मुलीचं १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं समजतात. आणि कमी निघालं तर घाबरूही नका, लाजूही नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींचं रक्त कमी आढळलं होतं. म्हणजे तुमच्या लेकीच्या बाकावर दोघी बसत असतील, तर त्यातल्या एकीचं असणारच, असं धरून चाला.

आता ‘जाडे’बद्दल. पाळी येण्याच्या आगेमागे मुलीच्या कंबरेला, मांड्यांना चरबी धरते. ती धरायलाच हवी, पाळीचं चक्र तिच्यावरही चालतं. उंचीची मोठी उडी पाळीच्या आधीच होऊन गेलेली असते. नंतर साधारण ५ ते ७ सेंटिमीटर वाढ उरते, आणि हाडं भक्कम व्हायचं कामही याच वर्षांत चाललेलं असतं. नेमक्या अशा वेळी ती डबा परत आणतेय. लिंबू-मध पाण्याने चरबी वितळत नाही हो. रिकाम्या पोटी शाळा होते, एवढंच होतं.

हे तिला तुम्ही एकटीला बसवून सांगा. वजनाचा विषय जेवणाच्या ताटावर काढू नका. आणि त्या चुलतभावाला, किंवा त्याच्या आईला, स्पष्ट सांगा की पुन्हा हे चालणार नाही. नात्यात थोडा कडवटपणा आला तर येऊ दे.

सासूबाईंशी मात्र भांडू नका, त्यांना हिशेब दाखवा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत १३ ते १५ वयाच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागतं असं म्हटलंय, त्याच वयाच्या मुलाला २२. दर महिन्याला रक्त जातं, म्हणून जास्त. प्रथिनं मुलीला ४३ ग्रॅम, मुलाला ४५; फरक नावापुरता. एका अंड्यात सहाएक ग्रॅम असतात. मग अंडं एकालाच का? ‘उष्ण पडतं’ हे मीही ऐकत मोठी झाले, आमच्याकडे तर पपईवरही बंदी होती. अंड्याने पाळी बिघडत नाही. तशीही पहिली एक-दोन वर्षं ती मागेपुढे होतेच.

मुलीला मोड आलेली मटकी, कुळीथ, हरभरे, बाजरीची भाकरी, कारळ्याची चटणी, पालेभाजी द्या. उसळीवर लिंबू पिळा. त्याने लोह अंगी लागायला मदत होते. लिंबू आवडतंच ना तिला, मग ते पाण्यात कशाला? अळिवाचे लाडू थंडीत करतच असाल, बाळंतिणीसाठी राखून ठेवू नका. चहा मात्र जेवणाच्या आधी-नंतर तासभर नको, लोह अडवतो तो. बीट लाल म्हणून रक्त वाढतं, ही समजूतही सोडा. बिटात लोह फारसं नाही.

निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतं. आठवड्यातून एक. तुमची लेक ती उपाशीपोटी घेते, म्हणून मळमळतं. शाळेच्या दिवशी सकाळी चार घास पोटात गेले की निम्मा त्रास जाईल. शौचाला काळं होतं, त्याला भिऊ नये, हे तिला आधीच सांगा. मुली त्या भीतीनेही गोळी फेकतात. आणि सहा महिन्यांनी शाळेत मिळणारी जंताची गोळीही चुकवू देऊ नका. हिमोग्लोबिन कमी निघालं तर ही आठवड्याची गोळी पुरायची नाही, रोजची डॉक्टर ठरवतील.

पाळी सात दिवसांहून जास्त चालली, दर तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागलं, तीन महिने आलीच नाही किंवा जेवल्यावर ती गुपचूप ओकतेय असं वाटलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट दाखवा. अनेक सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथे तिला एकटीलाही बोलता येतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते तुम्ही खाता. लेकीबरोबर जाल तेव्हा तुमचंही हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि येताना अंडी तिघांची आणा.