मांडव्याच्या बोटीसाठी डिंगी घ्यायची, पण एफडी मोडून नको

नमस्कार, मेल वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मेल पाठवणाऱ्यांची 26 फुटी सेकंडहँड शिडाची बोट मांडव्याला किनाऱ्यापासून थोडी आत नांगरलेली असते, होडीवाला नेऊन-आणून 400 रुपये घेतो, म्हणून स्वतःची हवेची डिंगी, म्हणजे बोटीपासून किनाऱ्यापर्यंत ये-जा करायची छोटी होडी, हवीये. दोघांचा पगार मिळून हातात 1,20,000, होमलोनसकट खर्च 75,000, एसआयपी 10,000, आणि अडीअडचणीला म्हणून फक्त 2 लाखांची एफडी. समोर तीन पर्याय आहेत, 22,000 ची ऑनलाइन मिळणारी पातळ बोट, 1,30,000 ची 2.6 मीटरची, पीव्हीसी प्लास्टिकची आणि हवा भरायच्या तळाची (एअर फ्लोअर), आणि 3,60,000 ची हायपलॉनची (उन्हाला टिकणाऱ्या रबरी कापडाची), कडक तळाची आरआयबी. एफडी मोडू की कार्डावर ईएमआय करू, असा प्रश्न आहे.

होडीवाल्याचे पैसे वाचतील हे आधी डोक्यातून काढा. तुम्ही महिन्यातून दोनदा जाता, सीझन आठ महिन्यांचा, म्हणजे वर्षाचे 6,400 होतात, तेवढ्यात कुठलीच डिंगी वसूल होत नाही. पण मुरुडला किंवा जयगडला रात्री नांगर टाकलात तर हाक मारायला होडीवाला नसतो, आणि बोट गाळात बसली तर ती ओढून काढायला दुसरा नांगर लांब नेऊन टाकावा लागतो, त्यालाही डिंगीच लागते, त्यामुळे गरज खरी आहे. फक्त तिला बचत म्हणू नका, शौकाच्या खात्यात टाका.

22,000 वालीला माझा सरळ नकार आहे. दुपारी पश्चिमेचा वारा उठला आणि त्यात ओहोटी लागली की त्या हलक्या वल्ह्यांनी दोनशे मीटरसुद्धा कापता येत नाहीत, आणि धक्क्याच्या पायऱ्यांना चिकटलेली कालवं ब्लेडसारखी असतात, पातळ व्हिनाइल एका घासण्यात फाटतं. जिवाशी खेळून पैसे वाचवायचे नाहीत.

आता पीव्हीसी की हायपलॉन. आपल्या उन्हात पीव्हीसीचे सांधे सुटायला लागतात, कव्हर घालून जपली तर पाचेक वर्षं धरा. कव्हरचे 10,000 मिळवून 1,40,000, म्हणजे वर्षाला 28,000. हायपलॉन बारा वर्षं टिकली तर वर्षाला 30,000, हे जवळपास सारखंच दिसतं आणि इथेच बहुतेक लोक महागडीकडे वळतात, पण जास्तीचे 2,20,000 बाहेर 7 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 15,400 मिळतात, ते कोण मोजणार? शिवाय आरआयबीचा तळ घडी होत नाही, 26 फुटीच्या डेकवर ती मावणार नाही, मग कायम मागे ओढत न्या. तुमच्यासाठी पीव्हीसीच बरी, हलकी असल्याने ओहोटीला चिखलातून दोघांना ओढताही येते.

कोटेशन मात्र नीट बघा, जीएसटी धरलाय की वेगळा ते लेखी घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून मौजेच्या बोटींवर तो 28 वरून 40 टक्के झालाय, वेगळा निघाला तर 1,30,000 चे 1,82,000 होतील आणि मग माझं वरचं सगळं गणित बदलतं, तेव्हा परत लिहा.

आणि आत्ता मे महिन्यात घेऊच नका! जूनपासून बोट वरच काढलेली असणार, डिंगी चार महिने घडी घालून दमट खोलीत पडेल आणि वॉरंटी मात्र चालू होईल. महिन्याला 35,000 उरतात ना, त्यातले 25,000 लिक्विड फंडात (लागतील तेव्हा लवकर पैसे काढता येणारा म्युच्युअल फंड) टाका आणि 10,000 एफडीत वाढवा. जून ते ऑक्टोबर पाच पगारांत सव्वा लाख होतात, उरलेलं आणि कव्हर दिवाळीच्या बोनसमधून. ईएमआय 'नो कॉस्ट' म्हणत असले तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी लागतोच, आणि एखादं बिल थकलं तर कार्डाचं व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात जातं. एफडीला हात लावायचा नाही, सहा महिन्यांचा खर्च साडेचार लाख आहे, तुमच्याकडे त्याच्या निम्मेही नाहीत.

म्हणूनच डिंगीला लावायची 2.5 एचपीची 95,000 ची मोटर या वर्षी नको. सकाळी वारा पडलेला असताना वल्ही मारत जा, वारा असेल त्या दिवशी 400 रुपये द्या होडीवाल्याला. लाइफ जॅकेटं मात्र पहिल्याच दिवशी चांगली घ्या.

डिंगी हातात आली की संध्याकाळी पूर्ण हवा भरा, सांध्यांवर आणि मागच्या फळीच्या कडेला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी दाब मोजा, उतरला असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा.