‘हे पाचारण की नुसती हौस?’

बाईंनी वही टेबलावर ठेवली, पण माझ्याकडे सरकवली नाही. तिच्यावर हात ठेवून बसून राहिल्या. दोनशे पानी लांब वही. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला जुन्या कॅलेंडरांतून कापलेली बायबलमधली वचनं डिंकाने चिकटवलेली होती. यिर्मया २९:११, फिलिप्पैकरांस ४:१३ आणि मधोमध लाल पेनाने चौकट केलेलं हबक्कूक २:२.

“रोज वाचते ही वचनं, ताई. तरी नाताळपासून एक ओळ सुचली नाही.”

बाई नगर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतात. गावात सगळेच त्यांना बाई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. पन्नाशीला आलेल्या. पहाटे साडेचारला उठून, घर जागं व्हायच्या आत, पंचवीस वर्षं गीतं आणि छोट्या गोष्टी लिहीत आल्या. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे. लिहिण्याचं कारण असं की हाच प्रश्न मला मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, कितीतरी लोकांनी विचारलाय. भक्तिगीतं रचणारी कॉलेजची मुलगी, आपल्या विश्वासाची साक्ष लिहून काढणारे निवृत्त कंपाउंडर, संडे स्कूलसाठी नाटुकली लिहिणारी आई. सगळ्यांचं एकच विचारणं: हे देवाचं पाचारण, म्हणजे त्याने बोलावून दिलेलं काम, आहे की माझी हौस? पाचारण असेल तर इतका त्रास का होतो?

झालं होतं असं. नाताळच्या कार्यक्रमात तरुण संघाने बाईंचं गीत म्हटलं. गीत छान झालं, टाळ्या पडल्या. सूत्रसंचालकाने “आपल्या मंडळीचं स्वतःचं गीत” एवढंच सांगितलं. बाई चौथ्या रांगेत बसल्या होत्या. घरी आल्या, करंज्यांचा डबा उघडला आणि ओट्यापाशी उभ्या राहून रडल्या. यजमान म्हणाले, “देवासाठी लिहिलंस ना? मग नाव कशाला हवं?” पुढच्या रविवारी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनीही तेच ऐकवलं, जरा शास्त्र जोडून.

त्या वाक्याने बाईंचं लिखाण बंद पाडलं. पहाटे वही उघडली की पहिल्याच ओळीवर मन विचारायचं, ही ओळ देवासाठी की तुझ्यासाठी? याचं उत्तर कोणाला तरी देता येतं का? त्यामुळे ओळ खोडली जायची. एका मासिकाला पाठवलेल्या गोष्टीचं उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी ठरवूनच टाकलं की देवानेच दार बंद केलं.

पहिल्या भेटीत मी एकही वचन काढलं नाही. झोप, जेवण, पाळी, शाळेतला ताण, सगळं विचारून घेतलं. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे हरवली असेल तर आधी डॉक्टर, हे मी पाळकसाहेबांनासुद्धा सांगते. बाईंचं तसं नव्हतं. मग विचारलं, “त्या रात्री रडू नेमकं कशाचं आलं?” बराच वेळ त्या वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “टाळ्या वाजत होत्या आणि मी तिथे नव्हतेच.”

कौतुक कमी पडलं म्हणून हे रडू नव्हतं. पंचवीस वर्षांच्या पहाटा कोणी पुसून टाकल्यासारखं ते दुःख होतं. कौतुकाची भूक आणि पुसलं जाण्याचं दुःख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपल्याकडे दोन्हींवर ‘अभिमान’ अशी एकच चिठ्ठी लावतात. नम्रता शिकवायच्या नादात आपण माणसाला त्याची जखम लपवायला शिकवतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसऱ्या भेटीत मात्र पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. बाईंना म्हटलं, यिर्मयाचा २९ वा अध्याय राहू दे, ४५ वा वाचा. मोठ्याने.

पाचच ओव्यांचा, म्हणजे वचनांचा, अध्याय आहे तो. यिर्मया संदेष्ट्याचा लेखनिक बारूख यात बोलतो. त्याचं म्हणणं असं: हाय रे माझं, देवाने माझ्या दुःखात आणखी भर घातली, कण्हून कण्हून मी थकलो, मला विसावा नाही. बाई वाचता वाचता थांबल्या. “हे बायबलात आहे?” शाळेत मुलांना पाठ शिकवणारी, दर रविवारी उपासनेला जाणारी ही बाई, पण लिहिणाऱ्या माणसाची तक्रार शास्त्रात आहे हे त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं.

पुढे देव बारूखला विचारतो, तू स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टी शोधतोस का? शोधू नकोस. इथे बाईंचा चेहरा उतरला. “म्हणजे सगळे म्हणतात तेच की.” मी म्हटलं, पुढचं वाचा. देव त्याला सांगतो की मी सगळ्या देशावर अरिष्ट आणतोय, पण तू जाशील तिथे तुझा जीव तुला लूट म्हणून देईन, म्हणजे तू जिवंत राहशील. देव त्याला लिखाण सोडायला सांगत नाही. कण्हतोस म्हणून तुला पाचारण नाही, असंही म्हणत नाही. त्याच्या कण्हण्याची दखल घेतो, त्याचं नाव घेऊन बोलतो आणि ते बोलणं ग्रंथात ठेवतो. यिर्मयाच्या एवढ्या मोठ्या पुस्तकात एक अख्खा अध्याय लेखनिकाच्या थकव्याला दिलाय.

हा अध्याय यहोयाकीम राजाच्या चौथ्या वर्षातला. त्याच वर्षाची गोष्ट ३६ व्या अध्यायात आहे, म्हणून मग तोही काढला. यिर्मया सांगतो, बारूख लिहितो. सरदार त्याला विचारतात, हे सगळं तू कसं लिहिलंस? तो म्हणतो, तो बोलत गेला आणि मी शाईने गुंडाळीवर लिहीत गेलो. सगळ्या जुन्या करारात शाईचा उल्लेख एवढ्या एकाच ठिकाणी आहे. मला ही ओवी फार आवडते. दर्शन नाही, गर्जना नाही, एका माणसाची शाई आहे. मग ती गुंडाळी हिवाळी महालात शेगडीपुढे बसलेल्या राजाला वाचून दाखवतात. तीन-चार रकाने वाचून झाले की ते लेखकाच्याच चाकूने कापायचे आणि विस्तवात टाकायचे, असं करत अख्खी गुंडाळी जळते. अध्यायाचा शेवट असा की बारूखने दुसरी गुंडाळी घेतली, पहिली सगळी वचनं पुन्हा लिहिली आणि तशीच आणखी पुष्कळ वचनं तिच्यात घातली गेली.

“पुन्हा लिहिलं त्याने?” बाईंनी विचारलं. “सगळं?”

“सगळं. आणि आधीपेक्षा जास्त.”

मग नावाचा प्रश्न. तो टाळून चालणार नव्हतं, कारण जखम तिथेच होती. रोमकरांस पत्र, अध्याय १६, ओवी २२. प्रेषित पौलाचं पत्र संपत आलंय, सलाम सांगणं चाललंय आणि मध्येच एक अनोळखी माणूस डोकं वर काढतो: हे पत्र लिहिणारा मी तर्तियस तुम्हांला प्रभूमध्ये सलाम सांगतो. पौल सांगत होता, हा लिहीत होता. सोळा अध्याय लिहून हात अवघडला असेल. पौलाने ती ओळ काढायला लावली नाही. तर्तियसबद्दल नव्या करारात दुसरा शब्द नाही, तरी त्याचं नाव आज आपल्या घरात आहे. स्तोत्रसंहितेतही बघा, कितीतरी स्तोत्रांच्या माथ्यावर नावं आहेत: दाविदाचे, आसाफाचे, कोरहाच्या मुलांचे. ही देवाच्या गौरवाचीच गीतं आहेत आणि वर माणसाचं नाव आहे. उलट इब्री लोकांस पत्रात लेखकाने आपलं नाव कुठेच घातलेलं नाही. शास्त्रात दोन्ही चालतं. नाव असणं पाप नाही आणि नसणं पुण्य नाही.

बाईंनी ती ओवी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना ‘मी’ या शब्दावर बोट ठेवलं होतं.

तिसऱ्या भेटीत त्यांनी स्वतःच लाल चौकटीतल्या हबक्कूककडे बोट दाखवलं. हे वचन लिहिणाऱ्यांना सगळेच पाठवतात. लिही, तुझं नक्की छापून येईल, असा त्याचा अर्थ करून बसतात. त्यामुळे छापून आलं नाही की देव फिरला असं वाटतं. पण हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाची सुरुवातच तक्रारीने होते: परमेश्वरा, मी किती वेळ ओरडू? त्या तक्रारीनंतर त्याला सांगितलं जातं की दर्शन पाट्यांवर स्पष्ट लिही, वाचणाऱ्याला धावत वाचता यावं. पुढची ओवी म्हणते, विलंब लागला तरी वाट पाहा. लिहिणाऱ्याला इथे मिळतं ते एक काम: स्पष्ट लिही.

स्पष्ट लिहिणं काय असतं हे आपल्या मराठी मंडळीला नव्याने सांगायला नको. केडगावला मुक्ति मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या. ते पुस्तकरूपाने १९२४ साली आलं. अख्खा छापील ग्रंथ त्यांनी पाहिला नाही. आणि शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी, १९१९ साली त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक गेल्यावर, त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं काव्य पुढे नेलं. त्यातले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत. हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, “माझी आजी त्यांच्या गोष्टी सांगायची.” पहिल्यांदाच मोकळं हसल्या.

मी त्यांना रोज एक पान लिहायला सांगितलं, ते काही जमलं नाही. आठ दिवसांनी कोरी वही घेऊन आल्या आणि डोळ्यांत पुन्हा तोच अपराधीपणा. दुखावलेल्या हाताला मी ओझं जास्त दिलं होतं. मग बायबलमधला लूक काढला. शुभवर्तमानाच्या पहिल्या चार ओव्यांत तो थियफिलाला सांगतो की मी सगळ्या गोष्टींचा मुळापासून नीट शोध केला आणि तुला अनुक्रमाने लिहायचं ठरवलं. आकाशवाणी झाली असं तो म्हणत नाही, शोध केला म्हणतो. म्हणून नवं काम ठरलं: दिवसाला एक गोष्ट बघायची आणि ती जशी दिसली तशी चार ओळींत लिहायची. देवासाठी की माझ्यासाठी हा प्रश्न मनात आला तर समासात एक टिंब काढायचं आणि पुढची ओळ लिहायची. उत्तर द्यायचं नाही.

पहिल्या आठवड्यात समास टिंबांनी भरला. तिसऱ्या आठवड्यात पानाला दोन-तीन उरली.

नाताळच्या गीताचं काय करायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं. तरुण संघाच्या मुलाला घरी चहाला बोलावून शांतपणे सांगितलं की बाळा, ते गीत मी लिहिलंय, पुढच्या वेळी सांगशील का? मुलगा ओशाळला. त्याला खरंच माहीत नव्हतं; गीताचा कागद कोणीतरी मोबाइलवर फोटो काढून पाठवला होता, त्यात नावाचा कोपरा कापला गेला होता. यजमानांना मात्र अजून पूर्ण पटलेलं नाही. तरी पहाटेचा चहा आता ते करतात.

शेवटच्या भेटीला बाईंनी नवी गोष्ट वाचून दाखवली. आठवडी बाजारात बांगड्या विकणारी एक म्हातारी, तिच्या मनगटावर एकही बांगडी नाही. वाचता वाचता शेवटच्या परिच्छेदाशी थांबल्या, टेबलावरचा माझा पेन उचलला आणि दोन ओळी खोडल्या.

“हे नको. हे मी प्रवचन केलं. म्हातारीने सांगितलंय तेवढं पुरे.”

आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या.