टॅरिफची झळ बसलेल्या उद्योगांसाठी संस्थेला सरकारी निधी: अर्ज कुठे आणि कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या टॉवेल कारखानदारांची नोंदणीकृत संस्था आहे, अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावरचा जादा कर 50 टक्क्यांवर नेल्यापासून सभासदांच्या ऑर्डरी अडकल्या आहेत, आणि त्यांना हात द्यायला संस्थेला सरकारी पैसे मिळतील का?

मिळू शकतात. पण 'टॅरिफमुळे झालेलं नुकसान' या विषयाचा अर्ज करू नका, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहील. संस्थेला निधी मिळतो तो सगळ्यांच्या सामायिक कामासाठी: नव्या बाजारात माल दाखवणं, तपासणीची प्रयोगशाळा, प्रोसेसिंगची सोय. प्रदर्शनं, दौऱ्यांसारख्या कामात तर आधी स्वतः खर्च करायचा आणि मग परतावा मागायचा, हे धरूनच चाला. कार्यालयाचं भाडं, कारकुनाचा पगार यासाठी कुणी देत नाही.

केंद्राने 12 नोव्हेंबर 2025 ला एक्स्पोर्ट प्रमोशन मिशन मंजूर केलं. 2030-31 पर्यंत 25,060 कोटी रुपये, आणि टॅरिफचा फटका बसलेल्या कापड, चामडं, दागिने, अभियांत्रिकी माल, मासळी या क्षेत्रांना प्राधान्य. त्याचे दोन भाग आहेत. 'निर्यात प्रोत्साहन' कर्ज आणि व्याजाशी संबंधित आहे, तो सभासदांनी आपापल्या बँकेतून बघायचा. त्याच दिवशी मंजूर झालेली 20,000 कोटींची निर्यातदार पतहमी योजनाही तशीच, वैयक्तिक. संस्थेच्या कामाचा भाग म्हणजे 'निर्यात दिशा'.

त्यातल्या मार्केट अ‍ॅक्सेस सपोर्टमध्ये प्रदर्शनं, खरेदीदार-विक्रेता भेटी, परदेश दौरे येतात. शिष्टमंडळ किमान 50 जणांचं असावं आणि किमान 35 टक्के सहभागी लघुउद्योग असावेत, अशी अपेक्षा आहे. जिल्ह्याच्या संस्थेला 50 निर्यातदार एकटीने जमवणं अवघड. म्हणून टेक्सप्रोसिल (सुती कापडाची निर्यात परिषद) किंवा पॉवरलूमवाल्यांची परिषद पीडेक्सिल यांच्याबरोबर जा. तिथे तुम्ही याचक नाही, हे ध्यानात ठेवा. त्यांना 35 टक्क्यांचा आकडा गाठायला लहान कारखाने हवेच असतात आणि ते तुमच्याकडे आहेत. मागच्या वर्षी 75 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान निर्यातदारांना विमानभाड्यातही मदत आहे. नव्या देशांना झुकतं माप आहे, त्यामुळे प्रस्तावात पुन्हा अमेरिकेचंच प्रदर्शन घालू नका.

एमएसएमई मंत्रालयाची आंतरराष्ट्रीय सहकार्य योजना मात्र उद्योग संघटनांना थेट खुली आहे. अट अशी की संस्थेचं मुख्य काम लघुउद्योगांचं असावं आणि तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब असावेत. पहिल्यांदा निर्यात करणाऱ्या सभासदांना निर्यात परिषदेच्या आरसीएमसी (नोंदणी-सदस्यत्व प्रमाणपत्र) शुल्काचे 75 टक्के (कमाल 20,000 रुपये) आणि तपासणी-प्रमाणपत्रासाठी कमाल 1 लाख परत मिळण्याची सोयही याच योजनेत आहे. लहान रक्कम म्हणून ती सोडू नका. संस्थेने दहा जणांचे अर्ज नीट भरून दिले तरी सभासदांचा विश्वास बसतो.

मोठं काम म्हणजे सामायिक सुविधा केंद्र, त्यासाठी लघुउद्योगांच्या समूहांची केंद्रीय योजना एमएसई-सीडीपी. 2022 च्या सूचनांनुसार 5 ते 10 कोटींच्या प्रकल्पाला केंद्राचं 70 टक्के, 10 ते 30 कोटींना 60 टक्के. हिशोब मांडून बघा: 8 कोटींचं केंद्र असेल तर केंद्राचे 5 कोटी 60 लाख. उरलेल्या 2 कोटी 40 लाखांत राज्याचा वाटा आला तर उत्तम. नाही आला तर 20 सभासदांमागे प्रत्येकी 12 लाख. शिवाय चालवायला खेळतं भांडवल वेगळं. बहुतेक समूह इथेच अडकतात: बैठकीत हात सगळे वर करतात आणि पैसे भरायच्या वेळी सात-आठजण उरतात. मग एकच घराणं केंद्र चालवणाऱ्या कंपनीचे बाकीचे शेअर घेऊ बघतं, आणि एका सदस्याकडे 10 टक्क्यांहून जास्त हिस्सा चालत नसल्याने प्रस्ताव परत येतो. प्रकल्प अहवालावर खर्च करण्याआधी प्रत्येकाकडून निदान पहिला हप्ता या कंपनीच्या, म्हणजे एसपीव्हीच्या, खात्यात जमा करून घ्या. एसपीव्ही संस्थेपेक्षा वेगळी ठेवा. प्रस्ताव जिल्हा उद्योग केंद्रातून राज्यामार्फत जातो.

अर्जाला बळ येतं ते पुराव्याने. प्रत्येक सभासदाकडून शिपिंग बिलांवरून (निर्यातीच्या वेळी कस्टमकडे भरलेला कागद) एक साधा तक्ता घ्या: आठ अंकी एचएस कोड, म्हणजे मालाचा वर्गीकरण क्रमांक (टेरी टॉवेल 6302 60 खाली येतात), देश, महिना, एफओबी किंमत (जहाजावर चढवेपर्यंतची). ऑगस्ट 2025 च्या आधीचं आणि नंतरचं वर्ष शेजारी-शेजारी. 'व्यवसाय निम्म्यावर आला' अशी पत्रं उपयोगाची नाहीत. व्यापाऱ्यामार्फत माल पाठवणाऱ्यांच्या नावे शिपिंग बिल नसतं, त्यांनी व्यापाऱ्याला दिलेली जीएसटी बिलं जोडायची. हा तक्ता जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा निर्यात प्रोत्साहन समितीत मांडा आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या. पुढे प्रत्येक अर्जाला ते इतिवृत्त जोडता येतं.

आता कागद. संस्थेचं पॅन, एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, पीएफएमएसवर (सरकारी निधी वाटपाची ऑनलाइन प्रणाली) नोंदलेलं बँक खातं हे तर हवंच. पण आपल्याकडच्या संस्था अडतात त्या धर्मादाय कार्यालयातल्या चेंज रिपोर्टवर. निवडणूक झाली, नवे अध्यक्ष-सचिव आले, आणि 90 दिवसांत दाखल करायचा बदल अर्ज राहून गेला किंवा प्रलंबित राहिला, की परिशिष्ट-1 वर (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद) जुनीच नावं दिसतात. मग सही करणारा माणूस कागदोपत्री पदाधिकारीच नसतो. ते आजच तपासा. जुने अर्ज प्रलंबित असतील तर क्रमाने निकाली काढावे लागतात आणि त्याला वेळ लागतो.

पैसे आगाऊ मिळाले तर स्वतंत्र खातं ठेवा. वित्तीय वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर 12-ए नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. समजा 8 लाख आले, 6 लाख 90 हजार खर्च झाले आणि 11 हजार व्याज पडलं. तर शिल्लक 1 लाख 10 हजार आणि व्याज 11 हजार असं वेगळं दाखवायचं. व्याज संस्थेचं नसतं, ते सरकारजमा करायचं. ते खर्चात मिसळलं तर पुढचा हप्ता थांबतो. त्याच कामासाठी दुसऱ्या खात्याकडून निधी घेतलेला नाही, असं लेखीही द्यावं लागतं, म्हणून एकच प्रदर्शन दोन योजनांत दाखवू नका.

आणि स्टॉलचं शुल्क. संस्थेला आयकरात धर्मादाय सवलत असेल तर सभासदांकडून खर्चाइतकंच किंवा त्याहून किंचित जास्त घ्या. ऑक्टोबर 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, खर्चाहून बरंच जास्त घेतलेलं शुल्क व्यापारी उत्पन्न धरलं जातं आणि असं उत्पन्न एकूण जमेच्या 20 टक्क्यांवर गेलं की त्या वर्षाची सवलत जाते. शुल्क ठरवताना खर्चाचा तक्ता कार्यकारिणीच्या ठरावालाच जोडून ठेवा.