बरबटीच्या मुळांवर गाठी? आधी नख लावून पाहा

प्रश्न: परसबागेतली बरबटी आणि वाल पिवळे पडले. झाड उपटले तर मुळांना गाठी. दुकानदार म्हणतो, रोग आहे, दाणेदार औषध आणि युरिया टाका. टाकू का?

उत्तर: टाकू नका. गाठ कोणती ते ओळखल्याशिवाय काहीच टाकू नका.

झाड उपटूनही पाहू नका. उपटताना चांगल्या गाठी मातीतच गळतात. पेरणीनंतर ३० ते ४० दिवसांनी चार-पाच ठिकाणची झाडे खुरपीने ढेकळासकट काढा, बादलीत भिजवून मुळे धुवा. गाठ मुळाच्या कडेला मण्यासारखी चिकटलेली, नखाने सहज सुटणारी आणि आतून गुलाबी असेल, तर ती रायझोबियम या उपयोगी जिवाणूंची. हवेतला नत्र झाडाला तीच पुरवते. मूळच फुगलेले असेल, तोडल्याशिवाय गाठ निघत नसेल, तर सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे सूक्ष्म कृमी. अशी झाडे वावरात ठिगळासारखी पिवळी दिसतात आणि ओल असूनही दुपारी माना टाकतात. वांगी, टोमॅटो, भेंडी एकाच जागी वारंवार घेतली की हे दुखणे वाढते.

सुटणारी गाठ फुलोऱ्याआधीच आतून पांढरी किंवा हिरवट असेल तर ती काम करत नाही. बहुतेक वेळा कारण जास्तीचा युरिया, नाहीतर काळ्या मातीत साचलेले पाणी. युरियाने पाने चार दिवस हिरवी दिसतात, गाठी मात्र बसत नाहीत. त्यात आणखी युरिया टाकू नका. शेंगा भरताना गाठी तपकिरी झाल्या तर काळजी नको. श्रावणघेवड्याला गाठी मुळातच कमी येतात.

सूत्रकृमी असला तरी उभ्या पिकात दाणेदार विष नको. फुगलेले मूळ त्याने पूर्ववत होत नाही आणि दर दोन-तीन दिवसांनी तोडलेली शेंग तुमच्याच घरात शिजते. फोरेट या दाणेदार विषावर तर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कोणी काउंटरखालून दिले तरी घेऊ नका. दुकानदाराने सांगितले म्हणून मात्रा दुप्पट तर मुळीच नको.

पीक संपल्यावर सूत्रकृमीच्या गाठीची मुळे खणून जाळा. खताच्या खड्ड्यात टाकू नका. एप्रिल-मे मध्ये जमीन खोल नांगरून उन्हात तापू द्या, नागपूरचे ऊन इथे कामी येते. पेरणीपूर्वी गुंठ्याला १० किलो निंबोळी पेंड मिसळा. आणि झेंडू लावा. बांधावर चार रोपे शोभेला नव्हे, बाधित तुकड्यात दाट, पूर्ण हंगामभर. दसऱ्याला फुले विकली जातात, सूत्रकृमीही घटतो. माझा आग्रह झेंडूचाच.

पुढच्या पेरणीला किलोभर बियाण्यास २५ ग्रॅम रायझोबियम गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचे तर आधी, रायझोबियम शेवटी. पाकीट पिकाप्रमाणे घ्या: बरबटीचे वाटाण्याला चालत नाही. मुदतही तपासा.

माती परीक्षण आणि योजनांसाठी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) भेटा. महाडीबीटी या राज्याच्या योजनांच्या पोर्टलवरील अर्जाला शेतकरी ओळख क्रमांक लागतो.