एचआयव्ही असताना बरीच वर्षं गांजा ओढला तर मेंदूवर काय परिणाम होतो?

रोज भरपूर ओढणाऱ्याची स्मरणशक्ती आणि नवं शिकण्याची क्षमता मंदावू शकते. अधूनमधून ओढणाऱ्यांत एचआयव्हीच्या नुकसानीत गांजाने भर पडल्याचा ठोस पुरावा मात्र नाही. उलट, अमेरिकेतल्या २०२० च्या एका अभ्यासात गांजा वापरलेल्या एचआयव्हीबाधितांत बौद्धिक बिघाड कमी दिसला. उपचार चालू असतानाही मेंदूत सौम्य दाह टिकून राहतो, तो गांजातल्या घटकांमुळे उतरत असावा, असा तर्क आहे. पण हा निरीक्षणाचा अभ्यास, कारण सिद्ध करणारा नव्हे. त्यावर विसंबून गांजा सुरू करू नये.

व्यवहारात जास्त नुकसान होतं ते नशेत एचआयव्हीच्या गोळ्या चुकल्याने: विषाणू वाढतो आणि मेंदूलाही झळ पोचते. शिवाय गोळ्यांत रिटोनावीर हे औषध असेल तर यकृत टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) सावकाश मोडतं, त्यामुळे नशा अपेक्षेपेक्षा जास्त चढू शकते, विशेषतः भांग खाल्ल्यावर. टीएलडी (टेनोफोवीर, लॅमिवुडीन, डोल्युटेग्रावीर) या एकाच गोळीवर असाल तर ही अडचण सहसा येत नाही. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) २०० च्या खाली असेल तर ओढूच नका. गांजावरची बुरशी फुप्फुसात जाते. एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या उपचार केंद्रात) खरं सांगा, औषधं त्यानुसार ठरवता येतात.