शाकाहार मांसाहारापेक्षा आरोग्याला अधिक चांगला असतो का?

केवळ मांस वर्ज्य केले म्हणून आहार आरोग्यदायी ठरत नाही; मात्र कडधान्ये, भाज्या, फळे आणि अख्खी धान्ये यांवर आधारलेला शाकाहार हृदयासाठी हितकारक दिसतो. ब्रिटनमधील सुमारे ४८ हजार लोकांचा १८ वर्षे मागोवा घेऊन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या अभ्यासात शाकाहारींमध्ये हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडण्याचा विकार २२ टक्क्यांनी कमी आढळला, पण त्याच गटात पक्षाघाताचे प्रमाण २० टक्क्यांनी जास्त होते, आणि ही दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. शिवाय सगळे मांस एका मापाने मोजणे योग्य नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक ठरवले ते खारवलेले, धुरी दिलेले प्रक्रियायुक्त मांस, आणि ते रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, मासे त्यात येत नाहीत. शाकाहारींनी जपायचे ते ब-१२ जीवनसत्त्व, कारण यकृतातील साठ्यामुळे त्याची कमतरता कित्येकदा वर्षानुवर्षे जाणवत नाही आणि हातापायांना मुंग्या येऊ लागल्यावरच लक्षात येते. दूध-अंडीही न घेणाऱ्यांनी त्याची पूरक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावी.