मुलांनी स्वतः चाल बांधायची तर सुरुवात कुठून करायची?

प्रश्न: नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग घेते. पोरं कविता छान म्हणतात पण मी लावलेल्या चालीवर. त्यांनी स्वतःचं काहीतरी बांधावं असं फार वाटतं. एकदा ताटवाट्या, डबे दिले तर नुसता गोंगाट झाला, शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. मला पेटी येत नाही, ऑफिसात एक जुनी पडून आहे. काय करू?
- एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, पेटी येत नाही याचं टेन्शन अजिबात घेऊ नका. गोंगाट झाला कारण सगळ्यांना सगळं एकदम मिळालं. पुढच्या वेळी कमी द्या.

आधी ताल घ्या. आठ मात्रांचा केरवा भजनामुळे पोरांच्या कानात असतोच, त्यामुळे फळ्यावर आठ चौकोन काढायचे, चार-चार जणांचे गट करायचे, प्रत्येक गटाला दोनच आवाज द्यायचे, समजा वाटी आणि टाळी, आणि कुठल्या चौकोनात काय वाजणार ते त्यांनीच ठरवायचं. दोन चौकोन रिकामे ठेवायचेच ही अट नक्की घाला, निम्मा गोंगाट तिथेच कमी होतो. गटाने वाजवून दाखवलं की म्हणायचं, "आता परत अगदी तसंच वाजवा." माझ्या मते सगळी गंमत या एका वाक्यात आहे. दुसऱ्यांदा वाजवताना "नाही रे, इथे वाटी होती" अशी भांडणं सुरू झाली की समजा रचना व्हायला लागली. जे परत तसंच वाजवता येतं ते त्यांचं झालं.

मग ती पेटी बाहेर काढा. काळी तीनला, म्हणजे तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातल्या पहिल्या पट्टीला, सा धरला तर नुसत्या काळ्या पट्ट्यांवर सा रे ग प ध मिळतात, म्हणजे भूप रागाचे स्वर, म आणि नी नाहीतच. शेजारशेजारचे खटकणारे सूर त्यात येत नाहीत म्हणून मुलाचं बोट कुठेही पडलं तरी कानाला टोचत नाही. जर्मनीचे संगीतकार कार्ल ऑर्फ मुलांना शिकवण्यासाठी हीच युक्ती वापरायचे, झायलोफोनच्या नको त्या पट्ट्या सरळ काढून ठेवायच्या. एकाने भाता मारायचा, एकाने वाजवायचं.

शब्द मुलांचेच घ्या. समजा कोणी म्हणालं, "एसटी आली एसटी आली, धूळ उडाली गावभर". आधी नुसतं बोलायचं, टाळी देत, दोन्ही ओळी आठ-आठ मात्रांत बसतात का बघायचं, मग पट्ट्यांवर शोधायचं. "एसटी आली" ला कोणी ग रे ग प वाजवेल आणि तेच परत वाजवेल, छानच आहे, चाली अशाच बनतात. दुसरी ओळ ध प ग रे, ग रे सा अशी खाली आली आणि शेवटचा सा लांबवला तर गाणं संपल्यासारखं वाटतं. तीच ओळ रे वर सोडून बघा आणि वर्गाला विचारा, संपलं का? बहुतेक पोरं "अजून आहे" म्हणतील, त्यांना शिकवावं लागत नाही.

आणि ताई, तुम्हाला गोड वाटलं नाही म्हणून मुलाचा सूर बदलू नका, प्लीज. एकदा बाईंनी बदललं की ते बाईंचं गाणं होतं आणि पुढच्या वेळी पोरगं तुमच्या तोंडाकडे बघत वाजवतं. लिहून मात्र नक्की ठेवायला लावा, वाटीला गोल, टाळीला फुली असं काहीही चालेल. आठवड्याने तोच कागद दुसऱ्या गटाला द्या.

प्रश्न: मुलगा दुसरीत आहे, घरी कुठलंच वाद्य नाही. मोबाईलवर काही आहे का?
- एक पालक, ठाणे

उत्तर: गुगलच्या क्रोम म्युझिक लॅबमधलं साँग मेकर बघा, फुकट आहे. चौकोनांवर बोट ठेवलं की सूर वाजतात, सेटिंगमध्ये पेंटाटोनिक स्केल निवडलं की तेच पाच सुरांचं काम. पण त्याआधी स्वयंपाकघरात चला. काचेच्या चार सारख्या बाटल्यांमध्ये कमी-जास्त पाणी भरून चमच्याने वाजवायच्या, जास्त पाण्याच्या बाटलीचा सूर खाली जातो. त्याच बाटल्यांच्या तोंडावर फुंकलं तर उलट होतं, जास्त पाण्याची बाटली वरचा सूर देते, कारण आता आतली हवा वाजते आणि तिला जागा कमी उरलेली असते. कुठली बाटली कुठल्या क्रमाने लावायची ते त्याला ठरवू द्या.